आधी नक्कल, मग दुरुस्ती

हार्ड डिस्क एका झटक्यात क्वचितच जाते. आधी ती मागे पडू लागते. मिनिटभरात सुरू होणारं मशीन दहा मिनिटं घेतं. फाइल उघडताना माउसचा बाण जागीच थिजतो, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न मिचकावता एकसारखा जळत राहतो. मग एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर इशारा येतो, की डिस्क बिघडण्याच्या बेतात आहे, डेटाची प्रत काढून घ्या. त्याच पडद्यावर एक कळ दाबून पुढे जायची सोय असते आणि घाईतला माणूस ती दाबतो. तिथून पुढच्या काही तासांत काय केलं जातं, त्यावर बहुतेक सगळं ठरतं. या तासांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि जे बोललं जातं ते डेटा गेल्यानंतर. म्हणून हा संवाद.

बोलणारे दोघं एकाच घरातले. मामांचं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पेंटियमच्या जमान्यापासूनचं. भाची पुण्यात डेटा रिकव्हरीच्या कामात आहे आणि दिवाळीआधी आजोळी आली आहे. टेबलावर गावातल्या एका छापखान्याचा सीपीयू उघडून ठेवलाय. आत ५०० जीबीची डिस्क, विंडोज ७, त्यावर पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि कितीतरी वर्षांच्या दिवाळी अंकांची पानं त्या डिस्कवर आहेत. यंदाचा अंक अर्धा लावून झालाय आणि मशीन विंडोजच्या चिन्हापाशी येऊन अडकतंय.

मामा : आज रात्री चेकडिस्क लावून ठेवतो. बॅड सेक्टर बाजूला काढेल, सकाळी मशीन उठेल. त्यांना उद्यापासून पानं लावायचीयत. रिकव्हरी वगैरे नको त्यांना, चालू मशीन पाहिजे.

भाची : मामा, या डिस्कवर चेकडिस्क नका लावू.

मामा : का बरं? आजवर किती मशीनं उठवलीयत मी त्याच्यावर.

भाची : उठलीच असणार. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लाइट गेली असेल, लिहिता लिहिता मशीन बंद पडलं असेल आणि डिस्कवरच्या नोंदी अर्ध्या राहिल्या असतील. डिस्क धडधाकट, नोंदी बिघडलेल्या. तिथं चेकडिस्कच लावायला हवा. इथं उलटं आहे. नोंदी कदाचित शाबूत असतील, पण डिस्कलाच त्या वाचता येत नाहीयेत. चेकडिस्कला हा फरक कळत नाही. फोल्डरची नोंद वाचता आली नाही की ती खराब आहे असं धरून तो काढून टाकतो. आतल्या फायली बेवारस झाल्या की त्यांना नंबर देऊन फाउंड नावाच्या फोल्डरात टाकतो. सकाळी मशीन उठेलही, पण एखाद्या वर्षाच्या अंकाचा अख्खा फोल्डर कुठे गेला ते कुणाला सांगता येणार नाही.

मामा : म्हणजे दुरुस्ती करायचीच नाही?

भाची : करायची, पण डिस्कच्या नकलेवर. जीर्ण पोथी हातात आली तर आपण तिची पानं चिकटवत बसत नाही. पान उलटलं की कपचा पडतो हे ठाऊक असतं, म्हणून पहिल्यांदा उलटतानाच मजकूर उतरवून घेतो. डिंक आणि बांधणी नंतर.

भाचीचं म्हणणं पटायला डिस्कच्या आत काय चालतं ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. डेस्कटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. तिच्या चकतीची कड त्या वेळी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं धावत असते. त्या चकतीवरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून त्या फटीची कल्पना यावी. पृष्ठभागाचा एक कण सुटला तर तो याच फटीत फिरतो आणि आणखी कण सोडवतो. म्हणून बिघडू लागलेली डिस्क जितका वेळ फिरवत ठेवावी तितकी ती बिघडत जाण्याची भीती असते. मशीन हँग होण्याचं कारणही इथंच आहे. प्रत्येक सेक्टरमध्ये डेटाबरोबर चूक सुधारण्यापुरती जादा माहिती लिहिलेली असते. तीही पुरली नाही तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तोवर अख्खं मशीन तिच्या उत्तराची वाट पाहत ताटकळतं. आपल्याला मशीन मंद झाल्यासारखं वाटतं, पण डिस्क त्या वेळी जिवाच्या आकांतानं काम करत असते. अशा वेळी तिच्यावर चेकडिस्कचं पूर्ण स्कॅन सोडलं तर तो रिकामी जागासुद्धा सेक्टर न् सेक्टर तपासतो. शिल्लक राहिलेलं आयुष्य ज्या जागेत काहीच नाही तिथं खर्च होतं.

मामा : ते सगळं खरं. पण तू थेट डिस्कवर आळ घेतलास. केबल बघितलीस? ही लाल साटा केबल दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. कितीतरी डिस्का लोकांनी फेकून दिल्यात आणि दोष निघालाय केबलचा, नाहीतर सप्लायचा. मी आधी केबल बदलतो, दुसऱ्या पोर्टला लावतो, सप्लाय बदलून बघतो, आणि मग बोलतो.

भाची : हे बरोबर आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना पहिल्यांदा हेच शिकवावं लागतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, स्मार्ट म्हणतात त्याला. त्यातला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डेटा वाटेत, केबलमध्ये बिघडतोय. ५ क्रमांक म्हणजे बदलून दिलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, ज्यांचा निकाल लागायचा बाकी आहे असे. इथं १९९ ला शून्य आहे आणि १९७ शेकड्यात गेलाय. केबल तुम्ही बदललीत तरी तो कमी झाला नाही.

मामा : आणि त्या स्मार्टवर तुझा विश्वास? ज्यांचं स्मार्ट एकदम चोख अशा डिस्का माझ्या हातात मेल्यात.

भाची : मरतात. गुगलनं २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आहे. एकदा का डिस्कमध्ये पहिला स्कॅन एरर दिसला, की पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता बाकीच्या डिस्कांच्या ३९ पट होते. स्मार्ट गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये, आणि स्मार्ट बोललं तर एक दिवसही थांबू नये.

मामा : मग मला हे सांग. १९७ ला शेकड्यात आकडे असलेली डिस्क मी पूर्ण फॉरमॅट मारून दिलीय. आकडा शून्यावर आला आणि डिस्क पुढे वर्षभर चालली. ती कशी बरी झाली?

भाची : बरी झाली नाही मामा. वाचता न आलेला सेक्टर डिस्क लगेच बदलत नाही, कारण आतला मजकूर पुढेमागे वाचता येईल अशी आशा असते. तुम्ही त्यावर नवं काही लिहिलंत की जुना मजकूर नको असल्याचं तिला कळतं. मग जागा खराबच निघाली तर ती राखीव साठ्यातला सेक्टर तिथं लावते. १९७ उतरतो, ५ वाढतो. तुम्हाला डिस्क सुधारलेली दिसली, आणि त्या क्षणी तिथं जे होतं ते कायमचं पुसलं गेलं. रिकाम्या डिस्कला ते चालतं. छापखान्याच्या डिस्कला चालणार नाही.

दुरुस्तीवाल्याची श्रद्धा कशी घडते हे मला इथं समजलं. मामांसमोर जे येतं ते मशीन आणि घाईला आलेलं गिऱ्हाईक. उपाय केल्यावर मशीन उठलं, म्हणजे उपाय खरा. जे पुसलं गेलं ते तेव्हा दिसत नाही. महिन्यांनी कुणीतरी जुनी फाइल शोधतं, ती सापडत नाही, आणि ‘व्हायरस आला असेल’ म्हणून विषय संपतो. मामांना दोष द्यावा असं यात काही नाही. कामाचा निकाल लागतो एकीकडे आणि नुकसान कळतं दुसरीकडे, म्हणून अनुभव कितीही वाढला तरी तो या एका बाबतीत शिकवत नाही.

मामा : बरं. नक्कल कशी काढणार? कॉपी-पेस्ट मारलं तर पहिल्या बॅड सेक्टरला अडकतंय. मी करून बघितलंय.

भाची : विंडोजमधून करायचीच नाही. या डिस्कवरून विंडोज चालू केलं की ते हजार ठिकाणी वाचतं आणि लिहितंही. आपण काही न करता बसलो तरी लिहितं. मशीन पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं उठवायचं, ही डिस्क माउंट करायची नाही, आणि जीएनयू डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली वापरायची. अँतोनियो दियास दियास यांनी लिहिलेली आहे, फुकट आहे. तिचा स्वभाव चेकडिस्कच्या अगदी उलटा. अडलेल्या ठिकाणी ती झगडत बसत नाही. अडली की मोठी उडी मारून पुढे जाते आणि सहज वाचता येणारं सगळं आधी उतरवून घेते. मग मागे वळून अडलेल्या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी वाचत आत येते. त्यातूनही उरलेलं एकेक सेक्टर करून खरवडते. सगळ्यात शेवटी, आपण सांगितलं तरच, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते.

मामा : आणि मधेच लाइट गेली तर? दुपारी इथं तास-दोन तास जातेच.

भाची : ती जाता जाता नोंद ठेवते. कुठला भाग वाचला, कुठला राहिला, कुठला वाचताच आला नाही, हे सगळं मॅपफाइलमध्ये. लाइट आल्यावर तीच मॅपफाइल दिली की काम तिथून पुढे चालू. ती फाइल मात्र दुसऱ्या चांगल्या डिस्कवर ठेवायची. मॅपफाइलशिवाय ही आज्ञावली चालवूच नये.

मामा : डिस्क यूएसबीच्या डॉकला लावू?

भाची : नको. ते डॉक चूक आल्यावर कधी गप्प बसतं, कधी डिस्कच गायब करतं. थेट बोर्डाच्या साटा पोर्टला लावू. आणि एक भीती मलाही दर वेळी वाटते. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं याचा क्रम उलटा झाला, तर रिकामी डिस्क छापखान्याच्या डिस्कवर उतरेल.

मामा : त्याला माझी पद्धत सोपी आहे. दोन्ही डिस्कांच्या लेबलवरचा सिरीयल नंबर कागदावर लिहितो, जुनीला लाल टेप लावतो आणि पडद्यावरचा नंबर मोठ्यानं वाचल्याशिवाय एंटर मारत नाही.

भाची : ही पद्धत आमच्याकडे लिहून लावायला हवी.

इथवर मामा बरेच वळले होते. पण त्यांचा खरा मुद्दा अजून यायचा होता, आणि मला वाटतं तो भाचीच्या सगळ्या शास्त्राइतकाच वजनदार आहे.

मामा : वेळ किती?

भाची : चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीनं वाचली तर ५०० जीबीला दीड तासाच्या आत. ही चांगली नाही. डिस्कवर ९७ कोटी ६७ लाख सेक्टर आहेत. त्यातले फक्त दहा हजार अडले आणि प्रत्येकानं दहा सेकंद खाल्ले, तरी एक लाख सेकंद झाले. सव्वा दिवसाच्या जवळ. दोन-तीन दिवस धरा.

मामा : आणि तोवर डिस्क जाईल की राहील?

भाची : सांगता येत नाही.

मामा : मग बघ. तू सगळं वाचवायला बसलीस, दुसऱ्या दिवशी डिस्क गेली, आणि तेव्हा तुझ्या हातात काय आलेलं असेल? सुरुवातीपासून सुरू केलंस तर सी ड्राइव्ह. विंडोज. जे पुन्हा टाकता येतं ते. त्यांची पानं डी ला आहेत, ती शेवटी. तुझ्या मशीनला पाचशे जीबी म्हणजे पाचशे जीबी. मला माहितीय की त्यातले वीस जीबी त्यांचं पोट आहे.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं कबूल केलं, की ही गोष्ट पुण्यात बसून तिला कळली नसती.

भाची : डी पासून सुरू करू. आज्ञावलीला सांगता येतं की अमुक ठिकाणाहून अमुक इतकंच वाच. डी चा सगळा पट्टा आधी घेऊ, मग त्याच इमेजमध्ये, म्हणजे नकलेच्या फाइलमध्ये, आणि त्याच मॅपफाइलवर बाकीचं. दोन वेगळ्या नकला करायची गरज नाही. पण मामा, सी सोडून द्यायचा नाही.

मामा : सोडा म्हणतंय कोण? सी नसेल तर पानं उघडणार कशी? पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. फॉन्टचं पॅकेज बंद झालेलं, सीडी कुठे गेली कुणाला ठाऊक. आणि तो फॉन्ट युनिकोड नाही. तो नसेल तर ‘दिवाळी अंक’ असं लिहिलेलं पान इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारखं दिसतं. फायली वाचल्या आणि फॉन्ट गेला, तर वाचून काय उपयोग? तुम्ही लोक डेटा डेटा म्हणता. छापखान्याला मशीन आहे तसं लागतं, पॅकेजचं कुलूप उघडणाऱ्या डोंगलसकट.

मराठी छपाईच्या बाबतीत हा मुद्दा कुणी मांडत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १९९० आणि २००० च्या दशकांत आपल्याकडे लाखो पानं अशा फॉन्टांमध्ये लागली, ज्यांतलं अक्षर फक्त त्या फॉन्टच्या नकाशातच अक्षर असतं. गावोगावच्या छापखान्यांत हे मजकूर अजून आहेत. स्मरणिका, गॅझेटिअरमध्ये न आलेला स्थानिक इतिहास, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक. त्यांची ग्रंथालयात नोंद नाही. ते वाचू शकणारं मशीन विंडोज एक्सपी किंवा ७ वर चालतं आणि त्या आवृत्त्यांची देखभाल मायक्रोसॉफ्टनं अनुक्रमे २०१४ आणि २०२० मध्ये थांबवली. म्हणजे डिस्क गेली की फायलीही जातात आणि त्या वाचायची लिपीही. एखादा चांगला संगणकतज्ज्ञ इथं म्हणेल, नवं मशीन घ्या, नवं विंडोज टाका, फक्त फायली द्या. शहरातल्या ऑफिसला तो सल्ला बरोबर आहे. इथं तो अर्धा आहे. मामा ज्याला ‘मशीन आहे तसं’ म्हणतात, ते जतनाच्या भाषेतही योग्यच आहे, आणि योगायोगानं भाचीची पूर्ण नक्कल त्याच्यासाठी सर्वांत चांगली. फॉन्टचं जे पॅकेज विंडोजच्या रजिस्ट्रीत रुतलेलं असतं, ते फायली उचलून येत नाही. अख्ख्या डिस्कची नक्कल केली तरच येतं.

मामा : समजा नाहीच वाचली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची. जुने लोक करायचे. एकदोनदा मीही उठवलीय.

भाची : आता नका करू. डिस्कला श्वासाचं बारीक भोक असतं. ऑक्टोबरच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरणार, आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थर म्हणजे हेड गेलंच. तसंच दुसऱ्या डिस्कचा हिरवा बोर्ड काढून लावणं. पूर्वी चालायचं. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी त्या बोर्डावरच्या रॉममध्ये लिहिलेली असते. ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवल्याशिवाय डिस्क ओळखच देत नाही. आणि झाकण तर उघडायचंच नाही.

मामा : आणि टकटक करायला लागली तर?

भाची : त्या सेकंदाला वीज बंद. हेडला आपली जागा सापडत नाहीये. तेव्हा डीडीरेस्क्यूसुद्धा चालवायचं नाही. स्वच्छ खोलीत हेड बदलण्याचं ते काम आहे. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो. तो करायचा की नाही ते गिऱ्हाइकानं ठरवावं, पण ठरवायला काही उरलेलं असावं.

मामा : तुम्ही लोक तर आकाशातून पडलेल्या डिस्कमधनं डेटा काढता म्हणे.

भाची : काढलाय. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, ज्यात कल्पना चावला होत्या. त्यातली एक डिस्क नंतर कोरड्या तलावाच्या पात्रात सापडली, जळालेली. झेनॉन वायूच्या प्रवाहावरच्या प्रयोगाची माहिती होती तिच्यावर. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीनं त्यातली जवळपास ९९ टक्के काढली आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पण ती का निघाली ते बघा. डिस्क निम्मीच भरलेली होती. मशीन डॉसवर चालायचं, त्यामुळे डेटा एका जागी सलग होता आणि मार लागला तो रिकाम्या भागाला. आणि सापडल्यावर तिला कुणी मशीनला लावून, चालू करून, चेकडिस्क मारून बघितलं नव्हतं. आमच्याकडे ज्या डिस्का येतात त्यांतल्या कितीतरी आकाशातून पडलेल्या नसतात. त्या चार दुकानांतून फिरून आलेल्या असतात.

मामांना हे लागलं. लागावं असंच होतं. पण भाचीनं ते मामांकडे बघून म्हटलं नव्हतं.

काम सुरू झाल्यावर बोलणं आपसूक कमी झालं. डी चा पट्टा मामांच्या अंदाजाप्रमाणे बराचसा सरळ उतरला. अडत होता तो सी, जिथं विंडोज दिवसरात्र लिहीत असतं. मामांनी मधल्या वेळेत नवी एसएसडी आणायला पोरगा पाठवला आणि त्यावरून पुन्हा वाद झाला.

मामा : ४८० जीबीची आणलीय. बाजारात तीच मिळते.

भाची : यावर बसणार नाही. जुनी डिस्क ५०० ची आहे. सेक्टरला सेक्टर नक्कल करायची तर नवी तेवढी किंवा मोठी लागते. एक सेक्टरही कमी चालत नाही.

मामा : डी चा रिकामा भाग आहे शेवटी. तो कापून बसवू.

भाची : नंतर, इमेजच्या प्रतीवर कापता येईल. पण तो आणखी एक बदल, आणखी एक चूक होण्याची जागा. १ टीबीची मागवा.

मामा : दीडपट पैसे.

भाची : छापखान्यानं दिले नाहीत तर मी देते.

मामांनी बदलून आणली, आणि पैसे भाचीकडून घेतले नाहीत.

इमेज पूर्ण झाल्यावर ती नव्या एसएसडीवर उतरवली. मूळ इमेज वेगळी तशीच ठेवली. आता नक्कल बिघडली तरी पुन्हा उतरवता येणार होती. मग भाची बाजूला झाली.

भाची : आता लावा चेकडिस्क.

मामा : आता?

भाची : आता तुमचंच काम आहे. ही डिस्क धडधाकट आहे आणि नोंदी मात्र बिघडलेल्या. चेकडिस्क, मग सिस्टिम फायलींची तपासणी, बूट होत नसेल तर स्टार्टअप रिपेअर. काहीही चुकलं तरी मागे इमेज आहे.

इथं मामांचा हात मला खरोखर बघण्यासारखा वाटला. बूटची नोंद पुन्हा बांधणं, अडलेला एक ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन काढणं, डोंगलचा ड्रायव्हर ओळखत नव्हता तो आधीच्या पोर्टला लावून ओळखायला लावणं, हे त्यांनी भराभर केलं. भाचीला यातलं निम्मं आलं नसतं, आणि ती तसं म्हणालीही. पेजमेकर उघडला, यंदाच्या अंकाचं पान उघडलं, अक्षरं अक्षरांसारखी दिसली. मामांच्या हिशेबानं काम झालं होतं.

भाची : अजून एक. न वाचलेले सेक्टर उरलेत, थोडे आहेत पण आहेत. त्या जागा इमेजच्या एका प्रतीत एका ठरावीक शब्दानं भरायच्या, तशी सोय डीडीरेस्क्यूत आहे. मग सगळ्या फायलींत तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडेल त्या फायली फुटलेल्या. त्यांची यादी छापखान्याला द्यायची.

मामा : यादी? अगं, ते म्हणतील मामांनीच फायली फोडल्या. मशीन चालतंय, पानं दिसतायत. जी फाइल फुटलीय ती कदाचित वर्षानुवर्षं कुणी उघडणारही नाही.

भाची : म्हणूनच द्यायची. आज यादी दिली तर आज त्यांच्याकडे तो अंक छापील असेल, एखाद्या लेखकाकडे हस्तलिखित असेल, जुन्या सीडीवर प्रत असेल. पाच वर्षांनी फाइल उघडून कचरा दिसला तर काहीच नसेल. आणि तोवर फुटलेली फाइल चांगली समजून सगळीकडे तिच्याच प्रती झालेल्या असतील.

या वादात मी पूर्ण भाचीच्या बाजूचा आहे. दुरुस्ती करणाऱ्यानं काय वाचलं नाही ते लिहून द्यायला हवं, आणि आपल्याकडे हे जवळजवळ कुणीच करत नाही. बिलावर ‘डेटा रिकव्हर केला’ एवढंच असतं. गिऱ्हाइकाला सगळं मिळालं असं वाटतं, ते निर्धास्त होतं आणि जी प्रत आज सहज हाती लागली असती ती शोधत नाही.

यादी झाली. छोटी होती. बहुतेक विंडोजच्याच फायली, काही पत्रिका आणि एका जुन्या अंकातली सलग काही पानं. मामांनी चष्मा लावून ती वाचली.

मामा : हा अंक छापील आहे त्यांच्याकडे, कपाटात गठ्ठा बांधलेला. ही पानं टाइप करून घेता येतील. बाकीच्या पत्रिकांतली लग्नं होऊन गेली. मी स्वतः जाऊन यादी देतो. ही जुनी डिस्क?

भाची : फॉरमॅट मारून सीसीटीव्हीला लावू नका.

मामा : तेच विचारणार होतो.

भाची : ‘सदोष, वापरू नये’ असं लिहून, तारीख घालून त्यांनाच परत द्या आणि निदान वर्षभर जपून ठेवायला सांगा. यादीतली एखादी फाइल पुढे खरंच अडली तर प्रयोगशाळेला मूळ डिस्कच लागेल. घरच्या साधनांनी निघण्यासारखं होतं ते आपण काढलंय.